बुलेट ३५०, निस्तेज ॲल्युमिनियम: कामाच्या नोंदी

गाडी: रॉयल एनफिल्ड बुलेट ३५०, १९८७. बोअर-स्ट्रोक ७० × ९० मिमी, ३४६ सीसी. सिलिंडर बिडाचा, हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचं, गिअरबॉक्स चार गिअरचा. सहा पावसाळे रत्नागिरीजवळ उघड्या पडवीत काढलेली. काम कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या शेडमध्ये, शनिवार-रविवार. क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांची वही वेगळी आहे. इथे फक्त ॲल्युमिनियम.

५ एप्रिल २०२५

आज हत्यार कमी, नजर जास्त. सगळे भाग टेबलावर मांडून प्रत्येकाला खडूने नंबर घातले.

पहिला निर्णय: काय चमकवायचं नाही. कारखान्यातून टायमिंग कव्हर, बाहेरचं चेनकेस कव्हर, गिअरबॉक्सचं बाहेरचं कव्हर आणि दोन्ही रॉकर कव्हर बफ केलेली, म्हणजे कापडी चाकावर घासून चमकवलेली, यायची. क्रँककेस, हेड आणि आतलं चेनकेस ओतकामाच्या खरबरीत पोताचेच असायचे. हल्ली सरसकट सगळं आरसा करून टाकतात. मग इंजिन भांड्याच्या दुकानात मांडल्यासारखं दिसतं, आणि क्रँककेसवरच्या वाळूच्या साच्याच्या खुणा एकदा घासल्या की परत येत नाहीत.

दुसरं, 'निस्तेज' हे एकच दुखणं नाही. या इंजिनावर चार सापडली:

हेडवर आणि क्रँककेसच्या पुढच्या बाजूला जळलेल्या ऑइलचं तपकिरी कवच. चेनकेस कव्हरवर पिवळी पडलेली जुनी क्लिअर लॅकर. थिनरचा बोळा फिरवला तर कापूस पिवळा होतो, म्हणजे धातू नाही, लॅकर. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला खारं वारं लागून आलेली पांढरी पूड आणि तिच्याखाली खड्डे. आणि गिअरबॉक्स कव्हर सबंध शिसपेन्सिलीच्या रंगाचं, बोटाला काळं लागतंय. हे चौथं दुखणं हवेचं नाही, माणसाने केलेलं आहे. पूर्वी कुठल्या तरी गॅरेजमध्ये हे कव्हर कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवलेलं दिसतं.

६ एप्रिल

स्क्रू. टायमिंग कव्हरचे खाचेचे स्क्रू, त्यातले तीन जाम. स्क्रूड्रायव्हरने जोर केला की खाच फाटते, म्हणून हीट गनने कव्हर साधारण १२० अंशांपर्यंत तापवलं आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा स्क्रूड्रायव्हर) लावला. ॲल्युमिनियम १०० मिमीला दर १०० अंशांमागे साधारण ०.२३ मिमी फुगतं, पोलाद त्याच्या निम्मं. तेवढ्या फरकात गंजाची पकड सुटते. ज्योत लावू नये. एका जागी तापलं तर पातळ कव्हर वाकतं आणि मग गॅस्केट कितीही चांगलं घाला, ऑइल पाझरणारच.

या वयाच्या बुलेटचे आटे इंची असतात. काढलेला स्क्रू पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच्याच जागी खोचून ठेवला. हातात आला तो मेट्रिक स्क्रू घुसवल्यामुळे एक भोक आधीच कोणीतरी मारून ठेवलं आहे. ते आट्याचं काम वेगळं.

१२ एप्रिल

धुणं. डिझेल दोन लिटर, जुना रंगाचा ब्रश, नायलॉनचा भांडी घासायचा ब्रश. फिनांमध्ये (इंजिन हवेने थंड व्हावं म्हणून असलेल्या पट्ट्यांमध्ये) साचलेली माती-ऑइलची वडी बांबूच्या कामटीने काढली. स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं की ओरखडा पडतो आणि नंतर काळी रेघ म्हणून कायम दिसतो.

डिझेल स्वतःच तेलकट साय मागे ठेवतं. ती गेल्याशिवाय पुढचं कुठलंच द्रावण धातूला लागत नाही. म्हणून नंतर भांडी धुवायचं लिक्विड कोमट पाण्यात घालून दोनदा, मग साधं पाणी, मग हवा. तपासणी सोपी आहे: भागावर पाणी ओता. पाणी एकसंध पसरलं तर स्वच्छ, थेंब होऊन फाटलं तर अजून चिकटा आहे.

कपड्याचा सोडा घातला नाही. साधा धुण्याचा सोडासुद्धा ॲल्युमिनियमला काळवंडवतो, कॉस्टिक तर खातोच. घरातला कुकर आतून काळा पडतो ते अल्कधर्मी, जड पाण्यामुळेच, आणि म्हणूनच डाळ शिजवताना तळात लिंबाची फोड टाकतात. ॲल्युमिनियमवरची ऑक्साइडची साय साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकते. त्याबाहेर दोन्हीकडे विरघळते.

लोखंडी तारेचे ब्रश शेडमध्ये पुष्कळ आहेत, पण या टेबलापासून लांब ठेवलेत. तारेचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके दिसू लागतात. पितळी तार चालते, स्टेनलेस चालते.

१३ एप्रिल

लॅकर. चेनकेस कव्हरवर पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापला, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरली म्हणजे सुकत नाही. २० मिनिटांनी सुरकुत्या आल्या. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं, दुसरा हात दिला, पाण्याने धुतलं. नायट्राइलचे हातमोजे यात दहा मिनिटांत मऊ होतात. मऊ पडायच्या आत बदलावे. काम शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून.

लॅकरखाली वेड्यावाकड्या बारीक पांढऱ्या रेषा निघाल्या, मुंग्यांच्या वाटेसारख्या. ओरखड्यातून ओल आत गेली की लॅकरच्या खालून गंज अशी वाट काढत चालतो. फक्त वरून पॉलिश मारून ही रेघ जात नाही, कारण पॉलिश लॅकरला होतं, धातूला नाही.

१९ एप्रिल

सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. ५० ग्रॅमला एक लिटर पाणी, ५० ते ६० अंश, १० मिनिटं, मधे ब्रश. दोन्ही रॉकर कव्हर आणि आतलं चेनकेस यातून काढलं. तपकिरी झाक गेली, धातू फिकट, एकसारखा राखाडी झाला. चमक येत नाही आणि यायलाही नको.

दोन गोष्टी बादलीत जाऊ द्यायच्या नाहीत. एक, पितळी किंवा कांस्याचा बुश बसवलेला भाग: त्यातलं तांबं द्रावणात उतरतं, ॲल्युमिनियमवर तपकिरी ठिपक्यांनी बसतं आणि पुढे तिथेच खड्डा पाडतं. दोन, कार्बोरेटर. पुष्कळ कार्बोरेटरची बॉडी दिसायला ॲल्युमिनियमसारखी असली तरी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि आम्लात काळीठिक्कर पडते.

संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा सल्ला नेहमी मिळतो. ते हायड्रोक्लोरिक. पाच मिनिटं छान पांढरं करतं, पण क्लोराइड मागे ठेवतं आणि रत्नागिरीच्या वाऱ्याने सहा वर्षांत केलं ते दोन महिन्यांत करून दाखवतं. ट्रकच्या टाक्या उजळवायची जी द्रावणं सुटी विकतात, त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक असतं. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. लेबल नसलेली बाटली या शेडमध्ये येणार नाही, एवढंच.

२० एप्रिल

गिअरबॉक्स कव्हर, ते काळं.

कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळतं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं न विरघळता वर काजळीसारखं उरतं. ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर, म्हणून काजळीही भरपूर. हीच काजळी बोटाला लागते. सायट्रिकने ती हलली नाही. नायट्रिकने तांब्याचा भाग जातो, सिलिकॉनचा राहतोच, आणि त्यासाठी नायट्रिक हाताळण्यात अर्थ नाही. हे कव्हर बफचं आहे, म्हणजे तो थर पॉलिश पेपरच्या कागदाने काढायचाच आहे. आतली बाजू नायलॉन ब्रश आणि लिक्विडने बोटाला काळं लागायचं थांबेपर्यंत धुतली. आतून ते राखाडी राहिलं तर राहू दे, तिथे ऑइलच असतं.

२६ एप्रिल

ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने काचेचे बारीक मणी मारून साफ करणं, फक्त हेडचं.

आधी बाकीचे भाग का नाहीत ते लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक इंजिनाला येतो. बुलेटच्या टायमिंग कव्हरमध्येच दोन्ही ऑइल पंप बसतात, फेल्टचा फिल्टर बसतो, आणि याच कव्हरमधल्या वाटेने ऑइल कॉर्कच्या सीलमधून क्रँकच्या टोकात शिरून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) जातं. वाटा वाकड्या, काही एका टोकाला बंद. काचेचा मणी तिथे अडकला की धुऊन निघत नाही. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की निघतो आणि थेट बिग एंडच्या फ्लोटिंग बुशमध्ये जातो. पंपाच्या चकत्या कव्हरमधल्या लॅप केलेल्या (घासून अगदी सपाट केलेल्या) सपाटीवर घासत फिरतात. त्या सपाटीवर मण्यांचा एक फवारा बसला तरी ती खरबरीत होते, पंप हवा ओढतो आणि ऑइल चढत नाही. वर रबर लावून झाकता येतं हे खरं, पण ज्या भागाचं बाहेरचं अंग शेवटी बफच होणार आहे त्याला ब्लास्टिंगची गरजच काय? क्रँककेसच्या मागच्या पोटात ऑइलची टाकी आहे, त्यामुळे तेही नाही.

हेडच्या वाटा आखूड आणि सरळ आहेत. प्लगच्या भोकात जुना प्लग. इनटेक-एक्झॉस्टच्या तोंडांवर ट्यूबच्या रबराची चकती आणि वरून पत्रा, नट लावून. रॉकरच्या ऑइल पाइपच्या भोकांत रबरी बूच. व्हॉल्व्ह आणि गाइड जागेवर आहेत, त्यामुळे ज्वलनकक्षाच्या बाजूला ५ मिमी रबर लाकडी फळीने आवळून बसवलं. मास्किंग टेप मण्यांपुढे टिकत नाही.

मणी १०० ते १५० मायक्रॉन, दाब ३ बार, नोझल ६ मिमीचं, अंतर १५ ते २० सेंमी, धार तिरपी. पहिल्या प्रयत्नाला फिनांच्या आत काळसर राखाडी डाग राहिले. कारण मणी जुने होते: फुटलेला मणी वाळूसारखा कापतो, पृष्ठभाग फाटतो आणि फाटलेला पृष्ठभाग प्रकाश गिळतो. नवे ५ किलो मणी भरून पुन्हा एकदा फिरवलं, रंग उजळला. गोल मणी पृष्ठभाग ठोकून बंद करतो, त्यामुळे ऑइलचा डाग पुढे कमी धरतो. पाण्यासकट मारायचं वेपर ब्लास्टिंग याहून सरस, पण ते यंत्र इथे नाही. वाळूने कोणी करून देतो म्हणालं तर नको. हेडही जातं आणि मारणाऱ्याची फुप्फुसंही.

ताज्या ब्लास्ट केलेल्या ॲल्युमिनियमला उघड्या बोटाने हात लावायचा नाही, ठसा उमटतो. मग धुणं: गरम पाणी आणि लिक्विड, प्रत्येक भोकात २ मिमीचा नायलॉन ब्रश, कार्ब क्लीनर, हवा. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळचं पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरलं. दोन मणी चमकले. चौथ्यांदा धुतलं.

३ मे

क्रँककेसचं बाहेरचं अंग हाताने. तोंडं लाकडी बुचांनी बंद, सायट्रिक थोड्या कॉर्नफ्लोअरमध्ये शिजवून खळीसारखं केलं म्हणजे उभ्या भिंतीवर टिकतं. पितळी ब्रश, १० मिनिटं, पाणी. दोन हात. जळलेल्या ऑइलचं कवच निघालं, पोत शाबूत.

गॅस्केटच्या तोंडाला फिरती चकती लावली नाही. त्या नायलॉनच्या चकत्यांतली अपघर्षक पूड म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, बेअरिंगला विषच. जुनं गॅस्केट रिमूव्हरने मऊ करून पितळी पट्टीने खरवडलं. कव्हर ८ मिमी काचेवर ठेवून भोवती ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवली. चेनकेस कव्हर दोन जागी पट्टी आत घेतं. त्याला एकच मधला नट धरतो, तो कोणीतरी वर्षानुवर्षं करकचून आवळला आहे. नवं रबर सील ते सांभाळून घेईल.

४ मे

कागद. इथे निम्मा दिवस वाचवायला जाल तर दोन दिवस जातात.

टायमिंग कव्हर २२० नंबरच्या कागदाने सुरू, मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००. २२० कोरडा, बाकी ओला, पाण्यात लिक्विडचे चार थेंब. ॲल्युमिनियम कागदात चिकटतं, चिकटलेला कण पुढे नांगरासारखा चालतो, म्हणून कागद दर मिनिटाला खळबळायचा. प्रत्येक नंबरला दिशा काटकोनात बदलायची. आधीच्या नंबरची आडवी रेघ पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद उचलायचा नाही. दिशा न बदलता केलं तर कुठली रेघ कुठल्या कागदाची ते कळत नाही, आणि २२० ची राहिलेली रेघ बफनंतरच दिसते, तीही ठसठशीत. सपाट भागाला कागदामागे रबरी ठोकळा, वळणाला चपलेच्या सोलचा तुकडा, स्क्रूच्या भोकांजवळ काहीच नाही, फक्त हलकं बोट.

खड्डे. आधी पांढरी पूड टाचणीने कोरून काढली आणि कव्हर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवलं. पाणी तीनदा बदललं. आतला क्षार न काढता पॉलिश केलं तर तीन-चार आठवड्यांत पूड परत फुलते. बारीक खड्डे ३२० पर्यंत गेले. खालच्या कडेचे आठ खोल आहेत, त्यातला सगळ्यात खोल खालच्या तिसऱ्या स्क्रूला लागून. ते तसेच ठेवले. ते घालवायला कड अर्धा मिमी खाली न्यावी लागेल आणि स्क्रूच्या डोक्याखालची बैठक पातळ होईल. आठ ठिपके परवडले.

१० मे

बफ. २,८०० फेऱ्यांची मोटर, १५० मिमी चाक. आधी शिवलेलं चाक आणि तपकिरी साबण (चाकाला लावायची पॉलिशची वडी), नंतर सुटं कॉटनचं चाक आणि पांढरा साबण. एका चाकावर दोन साबण कधीही नाही.

भाग चाकाच्या मध्याच्या खाली धरायचा आणि चाक नेहमी कडेकडून बाहेर जाईल असं फिरवायचं. कड चाकात शिरली की कव्हर हातातून सुटून भिंतीवर जातं. चेनकेस कव्हर रुंद आणि पातळ, त्याचा हा धोका सगळ्यात जास्त. जाड चामड्याचे हातमोजे नव्हे, घट्ट सुती. सैल मोजा चाक ओढून घेतं.

तीन दोष आले.

गिअरबॉक्स कव्हरवर धूमकेतूसारख्या शेपट्या. ओतकामातल्या सूक्ष्म भोकाच्या मागे, चाकाच्या दिशेने लांब रेघ ओढली जाते. त्यावर आणखी दाब दिला तर शेपूट लांबते. परत ४०० वर गेलो, मग बफ दोन दिशांनी, हलक्या हाताने.

रॉकर कव्हरवर संत्र्याच्या सालीसारख्या लाटा. दाब जास्त, भाग तापला, मऊ धातू वाहिला. हाताला चटका बसला की थांबायची वेळ आधीच टळलेली असते.

टायमिंग कव्हरच्या एका स्क्रूच्या भोकाची कड बशीसारखी खोलगट झाली. याला औषध नाही. बाकीच्या भोकांत यापुढे जुने स्क्रू बसवूनच बफ केला.

ॲल्युमिनियम आणि कॉटनचा लिंट मिळून जो काळा भुगा साठतो तो पेट घेतो. त्याच बाकावर लोखंड ग्राइंड करून ठिणग्या पाडू नयेत. मास्क लावूनच काम.

साबणाचा काळा चिकटा कॉर्नफ्लोअर चोळून उतरवला, कोपऱ्यांत टूथब्रश.

११ मे

लॅकर की मेण? एका भंगार कव्हरावर लॅकर मारून पाहिली. दुपारी वळीव झालेला, हवा दमट. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि लॅकर दुधी होते. तशीच झाली. कोरड्या दिवशी नीट बसेल, पण १३ एप्रिलच्या मुंग्यांच्या वाटा पाहिल्यानंतर लॅकर नकोच ठरलं. कार्नोबा मेणाचे दोन पातळ हात, मधे एक दिवस. मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून हेडवर त्याचा उपयोग नाही. कव्हरांवर टिकतं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा परत लावावं लागेल. आरसा हवा असेल तर ही राबणूक आहेच.

१७ मे

जोडणी. जोडण्याआधी टायमिंग कव्हरच्या प्रत्येक वाटेतून ऑइलच्या पिचकारीने ऑइल ढकलून दुसऱ्या तोंडाला येतं का पाहिलं. पंपाच्या सपाट्यांवरून नख फिरवलं, गुळगुळीत. कॉर्क नवा. स्क्रू जुनेच, आट्यांना ग्रीसचा पातळ हात. स्टेनलेसचे ॲलन स्क्रू देखणे दिसतात, पण ॲल्युमिनियमशी त्यांचं खाऱ्या हवेत जमत नाही. कोरडे बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात ते निघायचे नाहीत.

१८ मे

ऑइल २०डब्ल्यू५०, इंजिन १० मिनिटं चालवलं. गरम असतानाच ऑइल पांढऱ्या सुती फडक्यातून गाळलं, फडकं उन्हात पाहिलं, फिल्टरचा फेल्ट उघडून पाहिला. काळे कण आहेत, मणी नाही. नवं ऑइल, नवा फेल्ट.

३१ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. गाडी तीनदा भिजली. हेड फिकट राखाडी, एकसारखं. एक्झॉस्टच्या तोंडाशी हलकी सोनेरी झाक. चेनकेस, गिअरबॉक्स कव्हर ठीक. टायमिंग कव्हरच्या खालच्या तिसऱ्या स्क्रूजवळ, त्या खोल खड्ड्यात, मोहरीएवढी पांढरी पूड परत दिसते आहे. स्क्रू काढून खड्डा टाचणीने पुन्हा कोरायचा, या वेळी डिस्टिल्ड पाण्याचा ओला बोळा त्यावर दोन दिवस, रोज बदलून. मेण त्यानंतर.